तिसऱ्या मजल्यावरची होडी

मापाडीसाहेबांना डॉक्टरांनी नुसतं वजन उतरवायला सांगून घरी पाठवलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण दंडावरचा रक्तदाबाचा पट्टा सोडवता सोडवता ते म्हणाले, "रोज अर्धा तास धावा, नाहीतर रोइंग करा. दोन्ही सारखंच."

"सारखंच" हा शब्द मापाडीसाहेबांसमोर असा सैल सोडायचा नसतो. वजनमापे खात्यात ते सत्तावीस वर्षं निरीक्षक होते. दुकानदार ज्याला सारखं म्हणतो त्यात वीसपंचवीस ग्रॅमांची तफावत असतेच, आणि ती कायम एकाच बाजूला झुकलेली असते, हा त्यांचा सत्तावीस वर्षांचा अनुभव होता. इमारतीतले लोक त्यांना समोर मापाडीसाहेब म्हणत आणि पाठीमागे नुसतं मापाडी म्हणत. हा फरकही त्यांनी मनात नोंदवून ठेवला होता.

वजन उतरवण्याचं कारण सरकारी होतं. उपनियंत्रकाची जागा रिकामी झाली होती, तिच्यावर हक्क त्यांचाच होता, पण खात्याच्या नव्या नियमाप्रमाणे बढतीआधी वैद्यकीय मंडळासमोर उभं राहायचं होतं. त्यांच्या उंचीला ऐंशी किलोच्या आत वजन हवं. त्यांचं भरलं चौऱ्याऐंशी किलो सहाशे ग्रॅम. मुदत दहा आठवड्यांची. दुसरा कोणी असता तर बूट घालून रस्त्याला लागला असता. मापाडीसाहेबांनी एक वही आणली, मधोमध उभी रेघ मारली, डावीकडे "धावणे" आणि उजवीकडे "रोइंग" असं लिहिलं, आणि बायकोला सांगितलं की दोन्हींची रीतसर पडताळणी होईल.

त्यांची बायको एका शाळेत ग्रंथपाल होती. पुस्तक हरवल्याची मुलं जी कारणं देतात ती ऐकून ऐकून तिची चकित होण्याची शक्ती संपली होती. ती म्हणाली, "करा."

आता पडताळणी म्हटली की दोन मापं शेजारी शेजारी ठेवावी लागतात. एकच माणूस आज धावला आणि उद्या रोइंगला बसला, तर उतरलेलं वजन कोणाच्या खात्यावर टाकायचं? म्हणजे दुसरं शरीर हवं, आणि तेही शक्यतो तेवढ्याच वजनाचं. ते घरातच सापडलं. बायकोचा धाकटा भाऊ दोन इमारती सोडून राहायचा. त्याची मोटार शिकवण्याची शाळा होती, आणि बारा वर्षं शिकाऊ माणसांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसल्यामुळे त्याच्या शरीराचा मुठीत न मावणारा भाग बराच वाढला होता. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराच्या धान्य तोलायच्या काट्यावर दोघांना उभं केलं, तर फरक निघाला फक्त दोनशे ग्रॅमांचा. काटा त्याच महिन्यात तपासलेला होता. इतका तुल्य मेहुणा मिळणं हे मापाडीसाहेबांना भाग्यच वाटलं. मेहुण्याला काय वाटलं ते त्याने सांगितलं नाही. ताईने सांगितलंय म्हणून आलो, एवढंच तो म्हणाला.

चिठ्ठ्या टाकल्या. बायकोने उचलल्या. मेहुण्याच्या वाट्याला धावणं आलं आणि मापाडीसाहेबांच्या वाट्याला रोइंग.

रोइंगचं, म्हणजे बसल्या जागी वल्ही मारायचं मशीन पाचव्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांकडे होतं. त्यांचा जावई परदेशी जाताना ते ठेवून गेला होता आणि चार वर्षं त्याच्यावर टॉवेल वाळत होते. पोस्टमास्तरांनी ते आनंदाने द्यायचं कबूल केलं, फक्त पोचपावती मागितली. मशीन होतं आठ फूट लांब आणि लिफ्ट होती साडेपाच फूट खोल. जिन्याने उतरवायला सुरुवात केली, तेव्हा चौथ्या मजल्याच्या वळणावर ते जे आडवं अडकलं, ते ना वर जाईना ना खाली येईना. दीड दिवस ते तिथेच होतं. चौथ्या मजल्यावरचे बँकेतले रोखपाल कामावर जाताना आणि येताना ते ओलांडत. येणाराजाणारा प्रत्येक जण थांबून सल्ला द्यायचा. कोणी म्हणे कठडा कापा, कोणी म्हणे भिंत फोडा. एक गृहस्थ तर जाता जाता त्याच्यावर बसून दहा हात मारून, मशीन बिघडलेलं नाही ना अशी खात्री करून गेले. शेवटी सुताराला बोलावलं. त्याने मशीनच्या पोटाखाली हात घातला, एक खिटी ओढली, आणि मशीन कडक्कन मधोमध दुमडून सुटकेसएवढं झालं. पोस्टमास्तर म्हणाले, घडी होते हे जावई बोलला नव्हता. जावई एकूणच कमी बोलतो, अशी त्यांनी पुस्ती जोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता मापाडीसाहेब दिवाणखान्यात खिडकीपाशी मशीनवर बसले. पाय पट्ट्यांत अडकवले, दांडी धरली आणि ओढली. मशीनने मोठा श्वास घेतल्यासारखा आवाज केला आणि बैठक रुळांवरून मागे जाऊन धाडकन आदळली. मग पुन्हा पुढे, आणि पुन्हा धाडकन. मिनिटाला अठरा वेळा. पोस्टमास्तर वर्तमानपत्र घेऊन समोरच्या खुर्चीत बसले होते. मशीन त्यांचं असल्यामुळे ते कसं वापरलं जातंय हे पाहायचा त्यांना हक्क होता, आणि तो त्यांनी पुढे रोज चहाच्या वेळेपर्यंत बजावला.

सहा वाजून बारा मिनिटांनी दारावरची घंटा वाजली. खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाई राहायच्या. त्यांच्या हातात एक शर्ट होता. त्या भांडल्या नाहीत. त्यांनी नुसती कॉलर दाखवली. कॉलरवरची शिलाई सरळ निघून एकाएकी डोंगरासारखी वर चढत होती, खाली उतरत होती, पुन्हा चढत होती. मापाडीसाहेबांनी शिखरं मोजली. मिनिटाला अठरा हा आकडा जुळत होता, त्यामुळे वाद घालायला जागा नव्हती.

संध्याकाळी इमारतीच्या समितीची बैठक झाली. विषय होता तिसऱ्या मजल्यावरची होडी. त्या दिवसापासून मशीनला इमारतीत होडी हेच नाव पडलं. सचिव म्हणाले की नियमावलीत कुत्री, मांजरं, गॅसच्या जादा टाक्या आणि पियानो यांचा उल्लेख आहे, होडीचा नाही, म्हणून परवानगी देता येत नाही आणि नाकारताही येत नाही. मग मशीनखाली काय घालावं यावर दोन तास चर्चा झाली. गादी, भुसा, जुने गालिचे, चार उशा असं सगळं सुचवून झालं. अखेर मेहुण्याच्या शाळेतल्या झिजलेल्या टायरांचे तुकडे कापून मशीनच्या पायांना बांधायचं ठरलं.

टायरांमुळे खालच्या बाईंच्या शिलाया सरळ झाल्या, हे मान्य करायला हवं. पण ते टायर नवशिक्यांच्या ब्रेकखाली बारा वर्षं घासून काचेसारखे गुळगुळीत झाले होते, आणि दिवाणखान्यातली फरशीही तशीच गुळगुळीत होती. आता मापाडीसाहेबांनी दांडी ओढली की मशीन दोन बोटं सरकायचं. वल्हवणारा पाठमोरा प्रवास करतो. खिडकीपाशी सुरुवात केलेले मापाडीसाहेब वीस मिनिटांत सोफा, टेबल आणि पुस्तकांचं कपाट मागे टाकत, मान न वळवता, थेट स्वयंपाकघराच्या दारात येऊन टेकायचे. बायको पाव भाजत असायची. ती वळून न बघता म्हणायची, "आलात?"

मशीन एकदा कपाटाच्या पायाला दोरीने बांधून पाहिलं. त्या दिवशी मशीन जागचं हललं नाही, कपाट हललं. त्यानंतर मापाडीसाहेबांनी हा प्रवास मान्य केला आणि वहीत अंतराचा आणखी एक रकाना वाढवला.

रविवारी सकाळी दोघांची वजनं किराणा दुकानात व्हायची. दुकानदाराला यात फार रस वाटे. तपासणीला येणारा निरीक्षक आपल्याच काट्यावर पोत्यासारखा उभा राहतोय, हा योग त्याच्या आयुष्यात प्रथमच येत होता. तो आकडा मोठ्याने वाचायचा आणि रांगेतली गिऱ्हाइकं तो आकडा घरी न्यायची. चार आठवड्यांत मापाडीसाहेब ब्याऐंशी किलो नऊशेवर आले. मेहुणा पहिल्या आठवड्यात जरा उतरला आणि मग हळूहळू चढायला लागला. चौथ्या रविवारी तो पंच्याऐंशीवर होता. तो रोज धावत होता यात शंका नव्हती, कारण रोज सकाळी त्याला धावत जाताना लोक बघत. मापाडीसाहेबांनी वहीत धावण्याच्या रकान्यात लिहिलं, "परिणाम विपरीत. कारण अज्ञात."

तोवर मुख्यालयातून बढतीचा फॉर्म परत आला होता.

फॉर्ममध्ये उमेदवाराने दहा आठवड्यांत नियमित केलेल्या व्यायामाचा प्रकार लिहायचा होता. मापाडीसाहेबांनी शुद्ध भाषेत "नौकानयन" असं लिहिलं होतं. त्यावर आस्थापना शाखेतल्या लिपिक बाईंनी शेरा मारला होता, "जलक्रीडा. धोकादायक वर्ग. परिशिष्ट जोडावे." परिशिष्टात पोहता येत असल्याचा दाखला, जलाशयाची खोली आणि पत्नीची संमती एवढं मागितलं होतं.

मापाडीसाहेब स्वतः मुख्यालयात गेले. लिपिक बाई शांत स्वभावाच्या होत्या. त्यांच्या टेबलावर एक छोटंसं रोप होतं आणि बोलताना त्या त्याची वाळकी पानं खुडत. मापाडीसाहेबांनी समजावून सांगितलं की होडी तिसऱ्या मजल्यावर आहे आणि तिथे पाणी नाही. बाई म्हणाल्या, तसं असेल तर पाणी नसल्याचा दाखला आणा. तो कोण देतं, असं मापाडीसाहेबांनी विचारलं. सक्षम अधिकारी, असं बाईंनी सांगितलं आणि एक पान खुडलं.

पत्नीची संमती सगळ्यात लवकर मिळाली. बायकोने फॉर्म वाचला. "सदर क्रीडेत उमेदवार बुडाल्यास माझी कोणतीही हरकत अथवा तक्रार राहणार नाही." तिने दिवाणखान्याकडे एकवार पाहिलं आणि सही करून टाकली. ती सही करायला तिला फारच थोडा वेळ लागला, असं मापाडीसाहेबांना वाटलं. पण तसं बोलून दाखवण्यासारखं त्यात काही नव्हतं.

पाण्याच्या दाखल्याला मात्र तीन आठवडे गेले. पाटबंधारे खात्याचे अभियंता म्हणाले, आहे तिथल्या पाण्याचा दाखला आम्ही देतो, नाही तिथल्या पाण्याचा नमुना आमच्याकडे नाही. पाणीपुरवठा कार्यालयाने विचारलं की तुमच्याकडे पाणी येत नसेल तर तक्रार नोंदवायची आहे का. शेवटी मापाडीसाहेबांच्या लक्षात आलं की द्रवाचं माप प्रमाणित करायचा अधिकार त्यांच्याच खात्याला आहे. स्वतःच्या घराचा दाखला स्वतः देणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं, म्हणून त्यांनी हाताखालच्या कनिष्ठ निरीक्षकाला रीतसर अर्ज केला. तो तरुण टेप आणि पाच लिटरचं माप घेऊन घरी आला, दिवाणखान्याची लांबी-रुंदी घेतली, मशीनच्या खाली वाकून पाहिलं, आणि दाखला लिहिला, "पाणी : शून्य लिटर. अनुज्ञेय त्रुटीच्या मर्यादेत." त्याने चहाही घेतला नाही. काम चालू असताना घेत नाही म्हणाला. मापाडीसाहेबांना त्याचा अभिमान वाटला.

लिपिक बाईंनी दाखला दोनदा वाचला आणि फाईलला लावला. मग त्या म्हणाल्या, "आता हे नौकानयन राहिलं नाही. पाण्यावाचून नौकानयन होत नाही."

यादीत चारच व्यायाम होते. चालणे, धावणे, पोहणे आणि नौकानयन. बाईंनी सौम्यपणे सुचवलं की "धावणे" लिहून मोकळे व्हा, सगळे तेच लिहितात, कोण बघायला येतंय. मापाडीसाहेबांनी पेन उचललं आणि परत ठेवलं. सत्तावीस वर्षांत त्यांनी खोटं माप लिहिलं नव्हतं. जे धावणं आपण केलं नाही, ते लिहायचं नाही. म्हणजे आता ते करणं भाग होतं.

अशा रीतीने आठव्या आठवड्यात, स्वतःच आखलेल्या पडताळणीचा नियम मोडून, मापाडीसाहेब मेहुण्याबरोबर धावायला निघाले. मेहुण्याला ही कल्पना अजिबात आवडलेली दिसली नाही. त्याने वाटेत खड्डे आहेत, कुत्री आहेत, एकट्यानेच लय सापडते अशी बरीच कारणं सांगितली. पण मापाडीसाहेब बूट बांधून दारात उभे होते. हातात वही होती, कारण दर पाच मिनिटांनी नाडीचे ठोके लिहायचे होते.

मेहुण्याचा रस्ता बाजारपेठेतून जायचा. वेळ सकाळी साडेआठची. दुकानं नुकतीच उघडत होती. मेहुण्याला सात आठवड्यांचा सराव होता, शिवाय आज तो जरा जास्तच जोरात पळत होता. बघता बघता दोघांत पन्नास पावलांचं अंतर पडलं. आणि बाजारातल्या लोकांना जे दिसलं ते असं. पुढे एक जाडजूड माणूस जिवाच्या आकांताने पळतोय, आणि त्याच्या मागे वजनमापे खात्याचे निरीक्षक, हातात वही, चेहरा लालबुंद.

पहिलं शटर भाजीवाल्याने ओढलं. ते पाहून फळवाल्याने ओढलं. मग ती शटरं ओढण्याची लाट मापाडीसाहेबांच्या दोन पावलं पुढे पळायला लागली. कोणी तराजू टोपलीखाली सारला, कोणी वजनं पिशवीत कोंबली, आणि डाळीच्या व्यापाऱ्याच्या दुकानामागच्या गटारात काहीतरी जड पडल्याचा आवाज आला. मापाडीसाहेबांना यातलं काही कळत नव्हतं. त्यांना फक्त मेहुणा लांब जाताना दिसत होता, आणि उरलेल्या सगळ्या दमानिशी ते ओरडले, "थांब! अरे थांब!"

एवढं पुरलं. लोखंडी सामानाच्या दुकानदाराने काउंटरवरून उडी मारली आणि मेहुण्याला कंबरेत मिठी घातली. बेकरीवाला पिठाच्या हातांनी धावत आला आणि त्याने खांदे धरले. बघता बघता वीसेक माणसं जमली. मापाडीसाहेब पोचले तेव्हा ते गुडघ्यांवर हात टेकून ओणवे झाले होते आणि त्यांच्या छातीत दिवाणखान्यातलं मशीन चालू होतं.

"साहेब, हाच ना?" लोखंडवाल्याने विचारलं.

मेहुण्याने त्यांच्याकडे पाहिलं. मापाडीसाहेबांनी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. त्यांनी जरा थांबा म्हणून हात वर केला. लोकांनी त्याचा अर्थ होय असा घेतला. लोखंडवाल्याने मेहुण्याचे खिसे उलटे केले. त्यातून बेकरीच्या कागदात गुंडाळलेले आदल्या दिवशीचे लोण्याचे दोन बन निघाले. एक अर्धा खाल्लेला होता.

बेकरीवाल्याने हात काढले. "अहो, हे तर आमचं रोजचं गिऱ्हाईक," तो ओशाळून म्हणाला. "सात आठवडे झाले. इथवर धावत येतात, बाकावर बसतात, चार बन खातात, दोन बरोबर घेतात आणि धावत परत जातात."

मापाडीसाहेबांना श्वास सापडायला पुरती दोन मिनिटं लागली. मग त्यांनी सांगितलं की हा माझ्या बायकोचा भाऊ आहे. गर्दीत एक प्रकारची निराशा पसरली आणि शटरं वर जायला लागली. मेहुण्याने खिसे आत ढकलले, शर्टावरचं पीठ झटकलं आणि चालत निघून गेला. बन त्याने नेले नाहीत.

त्या दुपारी एकोणीस दुकानदार आपण होऊन खात्यात आले आणि आपली वजनं फेरतपासून घेऊन गेले. इतकी गर्दी कार्यालयाने वर्षभरात पाहिली नव्हती. वरून मापाडीसाहेबांच्या नावाने अभिनव मोहिमेबद्दल अभिनंदनाचं पत्र आलं. त्यांनी ते टेबलाच्या खणात उलटं घालून ठेवलं. फॉर्मवर त्यांनी लिहिलं, "धावणे." किती वेळा, हा रकाना फॉर्ममध्ये नव्हता, तरी त्यांनी समासात "एकदा" असं लिहिलं. लिपिक बाई म्हणाल्या, समासातला मजकूर वाचायचा नसतो, आणि फॉर्म स्वीकारला.

घरात मात्र तो विषय मिटला नाही. मेहुणा यायचा बंद झाला. रविवारी काट्यावर मापाडीसाहेब एकटेच उभे राहिले. बायको रागावलेली नव्हती, पण पाव भाजताना "आलात?" म्हणायची थांबली होती.

"त्याला बनांचं वाईट वाटलेलं नाही," एकदा ती म्हणाली. "लोक विचारत होते आणि तुम्ही गप्प उभे होतात, त्याचं वाटलंय. सगळ्या बाजारासमोर."

"श्वास नव्हता."

"मला नका सांगू. त्याला सांगा."

ते दोनदा त्याच्या शाळेपर्यंत गेले. दोन्ही वेळा तो कोणालातरी गाडी मागे घ्यायला शिकवत होता. काचेतून त्याने त्यांना पाहिलं आणि शिकवणं चालू ठेवलं. मापाडीसाहेब परत आले आणि होडीवर बसले. उरलेले दोन आठवडे त्यांचं जेवणात लक्ष लागलं नाही, आणि वजन उतरलं ते त्यानेही उतरलं असावं. पण हे कोणत्या रकान्यात मांडायचं हे न कळल्यामुळे त्यांनी ते कुठेच मांडलं नाही.

मंडळाचा दिवस उजाडला. सकाळी किराणा दुकानात त्यांचं वजन भरलं ऐंशी किलो सहाशे. सहाशे ग्रॅम जास्त. दहा आठवड्यांची वल्ही सहाशे ग्रॅमांनी कमी पडली होती. आता जे होईल ते होईल, असं म्हणून ते रुग्णालयात गेले.

मंडळाचे डॉक्टर घाईत होते. त्यांनी बूट काढायला सांगितलं, काट्यावर उभं केलं आणि आकडा वाचला. एकोणऐंशी किलो दोनशे.

"छान," डॉक्टर म्हणाले आणि शिक्का शाईच्या गादीवर दाबला.

मापाडीसाहेब खाली उतरले. त्यांनी बूट घालायला घेतले. सकाळपासून आत्तापर्यंत एक किलो चारशे ग्रॅम कुठे जाणं शक्य नव्हतं. त्यांनी काट्याकडे न बघायचं ठरवलं. आधी खिडकीकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या डोळे तपासायच्या तक्त्याकडे पाहिलं आणि त्यावरची सगळ्यात बारीक ओळही वाचून काढली. डाव्या बुटाची नाडी बांधली. उजव्या बुटाची नाडी बांधायला वाकले, तेव्हा काट्याच्या पायापाशी लावलेली शिशाची मोहोर नेमकी डोळ्यांसमोर आली. तपासणीची मुदत संपून चार वर्षं झाली होती.

ते दारापर्यंत गेले. दाराच्या मुठीवर हात ठेवून तसेच उभे राहिले.

"काही राहिलं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"तो शिक्का मारू नका," मापाडीसाहेब म्हणाले.

त्यांनी कार्यालयात फोन केला. कनिष्ठ निरीक्षक पाच किलोची सोळा प्रमाणित वजनं घेऊन आला. ऐंशी किलो ठेवल्यावर काट्याने अठ्ठ्याहत्तर किलो सहाशे दाखवलं. डॉक्टरांना हे सगळं फार लांबण लावल्यासारखं वाटत होतं. त्यांनी मापाडीसाहेबांना बाजूला घेऊन, तुम्ही काय करताय हे तुम्हाला कळतंय ना, असं विचारलं. मापाडीसाहेब म्हणाले, कळतंय. मग त्यांनी काट्याला सील ठोकलं, जप्तीचा अहवाल लिहिला, आणि "या काट्यावर शेवटी तोललेल्या व्यक्तीचे खरे वजन" या रकान्यात स्वतःचं वजन भरलं. ऐंशी किलो सहाशे. अपात्र.

घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि थेट भावाच्या घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मेहुणा दारात उभा होता. त्याच्या पायांत बूट होते.

"ताई काल सांगत होती," तो म्हणाला. "भाऊजी, बाजारात मला वाटलं तुम्ही मुद्दाम माझ्या बाजूने बोलला नाहीत. आता पटलं. तुम्ही स्वतःच्याही बाजूने बोलत नाही."

या वेळी मापाडीसाहेबांकडे श्वास पुरेसा होता. ते म्हणाले, "मेहुणेबुवा, आधी चहा घ्या." चहा झाल्यावर मेहुण्याने होडीवर बसून पाहिलं. चौदाव्या मिनिटाला तो स्वयंपाकघरात पोचला. त्यानंतर दोघं एक दिवसाआड धावायचे आणि एक दिवसाआड वल्हवायचे. वहीतली उभी रेघ तशीच राहिली, पण दोन्ही बाजूंना काय लिहावं हे ठरेना, म्हणून लिहिणंच बंद पडलं.

रुग्णालयाचा काटा दुरुस्त होऊन यायला पाच महिने लागले. मधल्या काळात एक आदेश निघाला, की गेल्या चार वर्षांत त्या काट्यावर पात्र ठरलेल्या सगळ्या अधिकाऱ्यांनी पुन्हा तोलून घ्यावं. असे एक्केचाळीस अधिकारी निघाले. कार्यालयाच्या जिन्यात लोक मापाडीसाहेबांना पाहिलं की भिंतीकडे तोंड करून सूचना वाचायला लागायचे. एक्केचाळिसांच्या यादीत पहिलं नाव खुद्द नियंत्रकांचं होतं.

काट्याअभावी उपनियंत्रकाची जागाही तोवर रिकामीच राहिली होती, म्हणून मापाडीसाहेबांनाही पुन्हा मंडळासमोर बोलावलं. त्यांची पाळी आली तेव्हा ते सत्त्याहत्तर किलो नऊशे भरले. काट्याची मोहोर ताजी होती. ती त्यांनी आधी पाहिली आणि मगच बूट काढले.

आठवड्याने, स्वतःची तोलायची पाळी अजून यायची असताना, नियंत्रकांनी त्यांना खोलीत बोलावलं. बढतीचा आदेश टेबलावर होता आणि पेनाचं टोपण काढलेलं होतं. नियंत्रकांनी शिपायाला बाहेर जायला सांगितलं, दार लोटलं, खुर्चीत जरा सरकून बसले आणि हलक्या आवाजात विचारलं, "खरं सांगा. धावणं चांगलं की ते रोइंग?"

मापाडीसाहेबांनी नीट विचार केला. हा प्रश्न इतक्या दिवसांत त्यांना कोणी सरळ विचारलाच नव्हता.

"साहेब, रोइंगमध्ये आपण कुठे चाललोय ते आपल्याला दिसत नाही," ते म्हणाले. "धावण्यात ते सगळ्यांना दिसतं. बाकी घाम तेवढाच."

नियंत्रकांनी आदेशाचा कागद जवळ ओढला.

"आणि समजा, दोन्ही नाही केलं तर?"

"तरी काटा आहेच, साहेब," मापाडीसाहेब म्हणाले. "आणि तो आता बरोबर आहे."

नियंत्रकांनी सही केली. टोपण लावून पेन खिशाला अडकवलं, आणि मग टेबलाच्या आड हात नेऊन त्यांनी पट्टा एका भोकाने सैल केला.